बेळगावहून जुन्या गोव्याला पायी: सायबाच्या फेस्ताच्या यात्रेची तयारी

दरवर्षी नोव्हेंबर संपत आला की बेळगाव, खानापूर भागातून पांढरे-निळे झेंडे आणि लाकडी क्रूस घेतलेले जथे गोव्याच्या दिशेने चालू लागतात. संत फ्रान्सिस झेवियरचं, म्हणजे गोव्याच्या सायबाचं, फेस्त (संताचा सण) ३ डिसेंबरला असतं आणि त्याआधी २४ नोव्हेंबर ते २ डिसेंबर असे नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे सणाआधीची रोजची प्रार्थना, चालते. कॅम्पातल्या फातिमा कॅथेड्रलपासून जुन्या गोव्यातल्या बॉम जेजू बॅसिलिकापर्यंतचं (संताची समाधी असलेल्या चर्चपर्यंतचं) अंतर चोर्ल्याच्या वाटेने शंभर किलोमीटरच्या आसपास भरतं. धडधाकट माणसाला हे फार नाही. यात्रा बिघडते ती अंतरामुळे नव्हे. पाण्याचा हिशेब चुकतो, तळपाय फुटतात आणि पुढचे मागच्यांना सोडून निघून जातात, म्हणून बिघडते. खालची सगळी आखणी या तीन गोष्टी डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे.

आखणी तीस ते पन्नास जणांच्या गटासाठी आहे. त्याहून मोठा गट असेल तर दोन तुकड्या करा आणि दोन्हींची स्वयंपाकाची गाडी वेगळी ठेवा. शंभर माणसांचा एकच जथा दिसायला छान दिसतो, पण घाटातल्या वळणांवर तो कुणालाच आवरत नाही.

तारीख आणि वार

फेस्ताच्या दिवशीच पोचायचा हट्ट बहुतेक गट धरतात. खरं तर ३ डिसेंबरला बॅसिलिकाच्या आवारात पहाटेपासून मिस्सा (चर्चमधले मुख्य उपासनाविधी) चालू असतात, गर्दी प्रचंड असते आणि पाच दिवस चालून आलेल्या माणसाला समाधीसमोर दोन मिनिटंसुद्धा उभं राहता येत नाही. नोव्हेनाच्या एखाद्या दिवशी पोचलात तर तीच प्रार्थना, तीच मिस्सा मिळते आणि वर शांतता मिळते. नवसच ३ तारखेचा असेल तर गोष्ट वेगळी. मग २ तारखेला दुपारपर्यंत पोचायचं, राहण्याची सोय आधीपासून पक्की करायची आणि ३ तारखेची पहाटेची मिस्सा धरायची.

वार निवडताना शाळांचा विचार करा. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात तीस-चाळीस माणसं रात्री झोपतील अशी जागा म्हणजे शाळा किंवा देवळाचं सभागृह. आडवारी शाळा संध्याकाळीच रिकामी होते, तोवर थकलेली माणसं रस्त्याकडेला बसून राहतात. शनिवारी शाळा अर्धा दिवस, रविवारी सुट्टी. म्हणून शनिवारी पहाटे बेळगाव सोडा, शनिवारची रात्र जांबोटीत आणि रविवारची कणकुंबीत काढा, बुधवारी जुन्या गोव्यात पोचा. नोव्हेना नऊ दिवसांची असल्याने एक बुधवार तिच्यात येतोच.

कुठली वाट

बेळगाव शहर आणि पश्चिमेकडच्या गावांसाठी चोर्ल्याची वाट: पिरनवाडी, किणये, कुसमळीचा मलप्रभेवरचा पूल, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, मग घाट उतरून केरी, सांखळी, आमोणे, माशेल, बाणस्तारी, खोर्ली आणि जुने गोवे. खानापूर, नंदगड, लोंढ्याकडच्या लोकांना रामनगर-अनमोड-मोले-फोंडा ही वाट जवळची वाटते, पण त्या महामार्गावर अवजड ट्रक फार, जंगलाचा पट्टा सलग आणि मुक्कामाला गावं कमी. आमचं मत असं की नंदगडच्या लोकांनीसुद्धा गाडीने जांबोटीला यावं आणि तिथून चालावं.

निघण्याच्या महिनाभर आधी तिघा-चौघांनी जीपने ही वाट एकदा पूर्ण करावी. गाडीच्या मीटरवर प्रत्येक थांब्याचं अंतर लिहून घ्या, विहिरी आणि नळ बघा, मुक्कामाच्या शाळेतले संडास स्वतः उघडून बघा. पाच किलोमीटरवर एक चहाचा थांबा ठरवा आणि तो सावलीत, वळणापासून दूर, गाडी रस्त्याखाली पूर्ण उतरू शकेल अशाच जागी ठरवा. पाऊस लांबला असेल तर घाटात कुठे दरड आलीय का, रस्त्याचं काम चालू आहे का, हेही तेव्हाच कळतं.

पाच दिवसांची मांडणी

पहिला दिवस, बेळगाव ते जांबोटी, साधारण पंचवीस किलोमीटर. पहाटे साडेचारला प्रार्थना, पाचला पाय उचलायचा. उत्साहाच्या भरात पहिल्या दोन तासांत ताशी पाच-साडेपाचने लोक पळतात आणि त्याची किंमत दुसऱ्या दिवशी पायांना मोजावी लागते. पुढे क्रूस धरायला मुद्दाम सावकाश चालणारा माणूस निवडा. गटाचा वेग थांब्यांसकट ताशी तीन ते साडेतीन धरला तर हिशेब बरोबर जुळतो, म्हणजे पंचवीस किलोमीटरला सात-आठ तास.

दुसरा दिवस जांबोटी ते कणकुंबी, सोळा-सतरा किलोमीटर. हा मुद्दाम लहान ठेवलाय. फोड याच दिवशी येतात, पोटऱ्या याच दिवशी धरतात. इथून पुढे भीमगड अभयारण्याच्या कडेचं जंगल लागतं, म्हणून उजाडल्यावरच, साडेसहानंतर निघायचं आणि दुपारपर्यंत पोचायचं. कणकुंबी हे मलप्रभेचं उगमस्थान. माउलीच्या देवळापाशी कुंड आहे, लोक पाय बुडवायला धावतात. ते तीर्थ आहे, तिथे पाय-कपडे धुवायचे नाहीत, हे आदल्या रात्रीच सांगून ठेवा.

तिसरा दिवस सगळ्यात अवघड: कणकुंबीहून चोर्ला आणि घाट उतरून केरी, तेवीस ते पंचवीस किलोमीटर. चोर्ला समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटरवर आहे आणि केरी पार पायथ्याशी. चढापेक्षा ही उतरण गुडघ्यांना आणि पायाच्या नखांना जास्त छळते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी काठी घ्यावी, पावलं लहान टाकावीत आणि उतारावर पळू नये. नखं चार दिवस आधी सरळ, आखूड कापलेली असावीत, नाहीतर बुटाच्या टोकाला आपटून काळी पडतात. पहाटे कणकुंबीत स्वेटर लागतो आणि दुपारी अंजुणे धरणाच्या बाजूला आलात की दमट उकाड्याने अंगाची लाही होते. एकाच दिवसात हे दोन्ही सोसायचं असल्याने लोक वर पाणी कमी पितात आणि खाली आल्यावर चक्कर येते. तहान नसली तरी तासाला दोन-तीन ग्लास पाणी, हा नियम या दिवशी कडक पाळा.

चौथा दिवस केरी-सांखळी-आमोणे-माशेल, वीस-बावीस किलोमीटर. आमोण्याच्या बाजूला मालवाहू ट्रक आणि तांबडी धूळ असते, दम्याच्या माणसाला हा टप्पा गाडीतून करायला लावा. पाचव्या दिवशी माशेलहून जेमतेम दहा-अकरा किलोमीटर उरतात. बाणस्तारीचा पूल वर्दळीचा आहे, तो सकाळी सातच्या आत ओलांडला पाहिजे. साडेपाचला निघालात तर साडेआठ-नऊला जुन्या गोव्यात.

परवानग्या आणि पत्रं

आपल्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) फादरांचं पत्र हे पहिलं कागदपत्र. त्यावर गटाचं नाव, माणसांची संख्या, तारखा, मार्ग आणि दोन जबाबदार व्यक्तींचे फोन. त्याच्या आधारे कर्नाटकातल्या कचेऱ्यांना, म्हणजे पोलीस ठाणं, ग्रामपंचायत, शाळेसाठी तालुक्याचे शिक्षणाधिकारी यांना, कन्नडमधून अर्ज द्या. बोलणं सगळीकडे मराठीत होतं, कणकुंबीत तर घराघरात मराठीच, पण कागद कन्नडमध्ये असला की टेबलावर पडून राहत नाही. वाद घालायला आयुष्य पडलंय, यात्रेच्या आठवड्यात नको. गोव्याच्या हद्दीत सत्तरी, डिचोली भागात मराठी किंवा इंग्रजी पत्र चालतं. वनखात्याच्या नाक्यावर एक प्रत द्या आणि त्या आठवड्यात हत्ती किंवा गवे रस्त्याकडे आलेत का ते विचारा. तिथल्या माणसांना ते नेमकं ठाऊक असतं.

गटाबरोबर फादर येणार असतील आणि वाटेत मिस्सा करायची असेल तर त्या-त्या हद्दीतल्या धर्मगुरूंशी आधी बोलणं हा शिष्टाचार आहे. गोव्यातल्या मुक्कामांसाठी सांखळी आणि माशेल भागातल्या चर्चच्या ऑफिसला ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच फोन करा. नोव्हेंबरात सिंधुदुर्ग आणि कारवारकडूनही जथे येत असतात.

बरोबरची गाडी भाड्याची असेल तर पिवळ्या पाटीचीच घ्या आणि गोव्याचा परवाना व कर भरल्याची पावती आधी बघा. मित्राच्या खाजगी ट्रॅक्समध्ये पैसे देऊन माणसं नेली आणि नाक्यावर पकडले गेलात तर पाठीमागचा अख्खा गट जेवणावाचून अडकतो.

पाणी, जेवण, गॅस

चाळीस माणसांचा हिशेब. चालताना माणशी चार लिटर पाणी, म्हणजे दिवसाला एकशे साठ लिटर, म्हणजे वीस लिटरचे आठ कॅन. हे फक्त पिण्याचं. स्वयंपाकाला आणखी तीन-चार कॅन. कॅन रोज संध्याकाळी भरायचे, सकाळी नव्हे, कारण पहाटे गावच्या नळाला पाणी असेलच असं नाही. प्रत्येकाकडे स्वतःची एक लिटरची बाटली हवी आणि ती पाच किलोमीटरच्या थांब्यावर पुन्हा भरायची. गाडी सारखी मागे-पुढे पळवत बाटल्या वाटत बसलात तर घाटात वाहतूक अडते.

जलसंजीवनीची पाकिटं माणशी दिवसाला दोन धरा. एक पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यातच घालायचं. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात ढवळून पिणारे लोक असतात, त्यांना ते फार खारट पडतं आणि उलटी होते. पाकिटं संपली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

तांदूळ माणशी एका वेळेला सव्वाशे ग्रॅम, म्हणजे पाच किलो. तूरडाळ दोन-अडीच किलो. सकाळच्या उप्पिटाला रवा तीन किलो. पहिल्या दोन दिवसांसाठी घरूनच कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून आणायला सांगा, ती टिकते आणि आचाऱ्याचं काम निम्मं होतं. वाटेत चघळायला भडंग, चिक्की, केळी, खजूर. दही-ताक आणि नारळ घातलेली भाजी सकाळी करून दुपारी वाढू नका, गोव्याच्या उकाड्यात ती आंबते आणि चौथ्या दिवशी अर्धा गट संडासाच्या रांगेत दिसतो. मांस-मासळी वाटेत नको. धर्मासाठी नव्हे, ती टिकवायची सोय नसते म्हणून. गॅसला एक १९ किलोचा सिलिंडर सहसा पाच दिवस पुरतो, तरी दुसरा बरोबर ठेवा, कारण चोर्ल्यापलीकडे रात्री आठला सिलिंडर मिळत नाही.

शाळेतल्या संडासांत पाणी नसतं हे गृहीत धरा. दोनशे लिटरचा एक ड्रम, दोन बादल्या, फिनेल आणि झाडू गाडीत हवेतच. सकाळी निघताना वर्ग झाडून, फळा पुसून, संडास धुऊन निघा. पुढच्या वर्षी जागा मिळणार की नाही ते त्यावर ठरतं. बायकांसाठी सॅनिटरी पॅड आणि ते गुंडाळून टाकायला कागदी पिशव्या एका बाईकडे वेगळ्या डब्यात ठेवा, म्हणजे पुरुषांच्या औषधपेटीपाशी मागायला जावं लागत नाही.

पाय

नवा बूट या यात्रेत सर्वांत जास्त माणसं मागे पाडतो. बूट किमान चार आठवडे वापरलेला आणि नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठा हवा, कारण दिवसभर चालून पाय सुजतो. सराव म्हणून ऑक्टोबरभर रविवारी मिस्सानंतर आधी आठ, मग बारा, मग अठरा किलोमीटर चाला. शेवटच्या सरावाला लागून दुसऱ्या दिवशी सकाळीही दहा किलोमीटर चाला. सलग दुसऱ्या दिवशी पाय काय म्हणतात ते कळणं महत्त्वाचं आहे.

फोड येतो तो घर्षण, ओल आणि उष्णता एकत्र आली की. म्हणून जाड मोज्याखाली एक पातळ मोजा, थांब्यावर बूट काढून पाय वाळवणं, दुपारी मोजे बदलणं. टाचेला किंवा बोटाला गरम झाल्यासारखं वाटलं की तिथल्या तिथे थांबून कागदी चिकटपट्टी लावायची, “पुढच्या थांब्यावर बघू” म्हणायचं नाही. मांड्या आणि काखा घासतात, तिथे निघतानाच पेट्रोलियम जेली. लहान फोड फोडू नका. मोठा, ताणलेला असेल तर साबणाने धुऊन, निर्जंतुक सुईने कडेला भोक पाडून पाणी काढा, वरची कातडी तशीच राहू द्या, पोव्हिडोन आयोडीन लावून पट्टी बांधा. मधुमेहाच्या माणसाच्या फोडाला गटातल्या कुणीही सुई लावायची नाही. त्याने गाडीत बसायचं आणि डॉक्टरकडे जायचं.

अनवाणी चालण्याचा नवस अनेकांचा असतो. आजी-आजोबांनी तो मातीच्या रस्त्यावर फेडलाय, आपण डांबरावर फेडतो हा फरक आहे. दुपारी बारानंतर गोव्यातलं डांबर तळपायाची कातडी सोलून काढतं. नवसवाल्यांना पहिला तास आणि शेवटच्या दिवशी खोर्लीपासून बॅसिलिकापर्यंत अनवाणी चालू द्या, मधे चप्पल. याबद्दल फादरांनी आधीच सर्वांसमोर बोलावं, म्हणजे कुणाला कमीपणा वाटत नाही. मधुमेहींना अनवाणी अजिबात नाही.

रस्त्यावर

एकेरी ओळ, रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल अशी. घाटातल्या आंधळ्या वळणावर उजवी बाजू आतल्या कड्याला लागून येत असेल तर शिटीवाला पुढे जाऊन वळणापलीकडे उभा राहतो, त्याने हात केल्यावर दहा-दहाच्या ओळीने पलीकडच्या कडेला जायचं आणि वळण संपलं की परत यायचं. सगळ्यात पुढे क्रूस आणि झेंडा, सगळ्यात मागे चमकणारं जाकीट घातलेली दोन माणसं. या मागच्या दोघांचा नियम एकच: त्यांच्या मागे कुणी राहता कामा नये. लघवीला थांबलेल्याचीही ते वाट बघतात. पुढच्या आणि मागच्या टोकात अर्ध्या किलोमीटरपेक्षा जास्त अंतर पडलं की पुढचे थांबतात. कणकुंबी ते केरी मोबाइलची रेंज येते-जाते, म्हणून निरोप शिटीने: एक लांब म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, तीन आखूड म्हणजे मदत.

जंगलाच्या पट्ट्यात अंधारात चालणं नाही. गवा रस्त्यात उभा दिसला तर थांबून, न ओरडता, तो जाईपर्यंत वाट बघायची. मोबाइल पुढे करून जवळ जाणाऱ्याला मागे ओढायचं काम मागच्या दोघांचंच. पानांच्या कचऱ्यावर बसू नका, सतरंजी अंथरा. सत्तरीत माकडतापाचे रुग्ण पूर्वी आढळले आहेत. तो आजार गोचिडीने पसरतो आणि त्याचा मोसम डिसेंबरपासून उन्हाळ्यापर्यंतचा. पूर्ण पँट, मोज्यात खोवलेली, आणि मुक्कामाला पोचल्यावर गुडघ्यामागे, कमरेला, मानेला गोचीड बघणं. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता वनखात्याला कळवा. कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस.

तातडीला १०८ दोन्ही राज्यांत आहे, पण सीमेजवळ फोन पलीकडच्या राज्यात लागू शकतो. तेव्हा गावाचं नाव, तालुका आणि राज्य, तिन्ही सांगा. घाटाच्या वर असाल तर खानापूर-बेळगाव, खाली असाल तर सांखळी आणि पुढे बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, हे चालकाला पाठ असावं. प्रत्येकाच्या गळ्यातल्या कार्डावर नाव, वय, रक्तगट, घरचा फोन आणि चालू औषधं. अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची लेखी संमती आणि दर पाच मुलांमागे एक मोठं माणूस.

प्रार्थनेचा ताल

पाच दशकांची रोझरी (जपमाळेची प्रार्थना, दशक म्हणजे दहा मण्यांचा एक भाग) वीस-पंचवीस मिनिटांत होते, म्हणजे साधारण सव्वा किलोमीटर. ती सपाटीवर म्हणा. चढावर मोठ्याने म्हटली की धाप लागते आणि ओळ तुटते, तिथे मौन ठेवा. रोझरीत चिंतनाला घ्यायचे प्रसंग, म्हणजे रहस्यं, वारानुसार ठरलेली असतात: शनिवारी आणि सोमवारी आनंदाची, रविवारी आणि बुधवारी गौरवाची, मंगळवारी दुःखाची. शनिवारी निघून बुधवारी पोचणाऱ्या गटात गुरुवार येत नाही, म्हणून प्रकाशाची रहस्यं घ्यायची असतील तर एखाद्या संध्याकाळी मुक्कामाला घ्या. आपल्या भागात एकाच गटात मराठी, कोंकणी आणि कन्नड बोलणारे असतात. एक दशक एका भाषेत असं वाटून दिलं की कुणी नुसतं ऐकत राहत नाही. क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखयात्रेची टप्प्याटप्प्याची प्रार्थना, तिसऱ्या दिवशी घाट उतरताना चांगली जमते: चौदा स्थानं, दर किलोमीटरला एक, आणि प्रत्येक स्थानाशी आपसूक विश्रांती.

कर्णा गावात शिरताना बंद. देवळासमोर, मशिदीसमोर, शाळा चालू असताना बंद. वाटेत पत्रकं वाटू नका. ज्या गावाने झोपायला जागा दिली त्या गावात आपण पाहुणे असतो.

प्रायश्चित्त संस्कार (फादरांपाशी पापांची कबुली) निघण्याच्या आठवड्यात आपल्याच चर्चमध्ये घ्या. जुन्या गोव्यात फादर बसलेले असतात, पण चाळीस जण तिथे रांगेत लागले तर मिस्सा निसटते. गटात हिंदू भाविकही हमखास असतात, सायबावर त्यांचीही श्रद्धा असते. ख्रिस्तशरीर (मिस्सात दिली जाणारी पवित्र भाकर) कोण घेतं आणि कोण घेत नाही, बाकीच्यांनी हात छातीवर दुमडून आशीर्वाद घ्यायचा की जागेवर थांबायचं, हे माशेलच्या मुक्कामी प्रेमाने सांगा. ऐन रांगेत सांगितलं की माणूस दुखावतो.

जुन्या गोव्यात

गांधी चौक ही भेटण्याची जागा ठरवा, कारण तो पुतळा कुणालाही दाखवता येतो. वेळही ठरवा. गर्दीत फोन लागत नाहीत. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत, घामाचे कपडे बदलायला माशेललाच एक सदरा वरती काढून ठेवा. मिस्साच्या वेळा आणि भाषा बॅसिलिकाच्या ऑफिसकडून आदल्या आठवड्यात विचारून घ्या, नोव्हेनात त्या नेहमीपेक्षा वेगळ्या असतात.

लोकांना एक गोष्ट आधीच समजावून सांगा, नाहीतर निराशा होते: संताचं शरीर जवळून दिसत नाही. फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांचियान बेटावर वारले, १५५४ मध्ये देह गोव्यात आणला आणि १६२२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. आज ते अवशेष वेदीच्या उजवीकडच्या चॅपेलमध्ये, संगमरवरी समाधीवर, उंचावर ठेवलेल्या चांदीच्या पेटीत आहेत. पेटी गोव्याच्याच कारागिरांनी १६३६-३७ मध्ये घडवली. खालची समाधी टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने फ्लॉरेन्सच्या फोज्जिनी या शिल्पकाराकडून करवून पाठवली आणि ती १६९८ मध्ये बसवली गेली. अवशेष खाली आणून से कॅथेड्रलमध्ये दर्शनाला ठेवण्याचा सोहळा दहा वर्षांतून एकदा होतो. मागचा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असा झाला, म्हणजे पुढचा २०३४ च्या अखेरीस धरायचा.

बॅसिलिकाचं बांधकाम १५९४ मध्ये सुरू झालं आणि १६०५ मध्ये ती अभिषिक्त झाली. बाहेरचा जांभा दगड उघडा आहे, त्यावर गिलावा नाही, तेव्हा भिंतींना मेणबत्त्या टेकवू नका. बाहेर मेणाचे हात, पाय, बाळ, घर विकायला असतात. नवसाप्रमाणे ते घेतात आणि नेमून दिलेल्या जागीच ठेवतात. अगदी दारातल्या पहिल्या विक्रेत्याकडे न थांबता थोडं आत गेलात तर भाव उतरतो.

रस्ता ओलांडला की से कॅथेड्रल, संत कॅथरिनला वाहिलेलं. त्याचा एक मनोरा १७७६ मध्ये कोसळला, उरलेल्या मनोऱ्यात सोन्याची घंटा म्हणतात ती मोठी घंटा आहे. आत चमत्काराच्या क्रूसाचं चॅपेल आहे, तिथे गटाने पाच मिनिटं शांत बसावं. पाय चालत असतील तर संत ऑगस्टीनच्या भग्न मठाचा छेचाळीस मीटर उंच मनोरा बघा. पाय थकले असतील तर ते सगळं सोडा, संत कायेतानच्या चर्चमध्ये बाकावर जाऊन बसा. सगळी चर्चं बघण्याचा आग्रह गट थकलेला असताना धरू नये. यादी पुरी होते, माणसं चिडचिडी होतात.

एक रात्र हातात असेल तर दुसऱ्या दिवशी गाडीने पिलार आणि सांकवाळ करा. पिलारच्या मठात आदरणीय आग्नेल यांची समाधी आहे. हणजुण्यात १८६९ मध्ये जन्मलेले हे धर्मगुरू २० नोव्हेंबर १९२७ रोजी राशोलला वारले. सांकवाळला संत जुझे वाझ यांचं पवित्र स्थान आहे. बाणावलीला १६५१ मध्ये जन्मलेले वाझ श्रीलंकेत मिशनकार्य करताना १७११ मध्ये कँडीला वारले आणि २०१५ मध्ये त्यांना संतपद मिळालं. चालत आलेल्या जथ्याला तेच खरे जवळचे संत. आमचा कल सांकवाळकडे, कारण तिथे गर्दी कमी आणि बसायला जागा भरपूर.

परतीला

चालत परत यायचं नाही. बस आधीच सांगून ठेवा आणि तीन वाजता गोवा सोडा, म्हणजे चोर्ला उजेडात चढून होतो. पाच दिवसांनी पोटऱ्या सुजलेल्या असतात, म्हणून बसमध्ये पाय लोंबकळत न ठेवता पिशवीवर टेकवायला सांगा आणि केरीला एकदा उतरून चालायला लावा. निघताना बसमध्ये एकदा स्पष्ट विचारा की कुणाच्या पिशवीत बाटली आहे का. गोव्याची दारू कर्नाटकाच्या नाक्यावर सापडली तर नाव एकाचं नसतं, यात्रेच्या बसचं असतं, आणि फलक पुढच्या काचेवर लावलेला असतो. फेस्तातलं खाजं आणि चणे मात्र जरूर आणा.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर हिशेब वाचून दाखवा: वर्गणी, डिझेल, किराणा, शाळांना दिलेली देणगी, शिल्लक. आणि त्या आठवड्यात गटातल्या कुणाला एकदम जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरला औषध विचारण्याआधी “आम्ही चोर्ला घाटातून चालत गेलो होतो” एवढं सांगा.